तेलासोबत येणारे पाणी आणि वायू

एक रुपयाच्या जुन्या नोटेच्या पाठीमागे 'सागर सम्राट'चे चित्र असे. १९७४च्या फेब्रुवारीत याच रिगला मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, जेमतेम ७५ मीटर खोल समुद्रात तेल लागले, आणि २१ मे १९७६ रोजी बॉम्बे हाय नावाच्या या क्षेत्रातून उत्पादन सुरू झाले. शोधाची ही कथा मोठीच आहे आणि ती अनेकांनी अनेकदा सांगितली आहे. पण तेल लागणे ही एका दिवसाची गोष्ट. ते तेल वापरण्याजोगे करून किनाऱ्यावर पोचवणे हे त्यानंतरचे कित्येक दशकांचे, दिवसरात्र न थांबणारे काम आहे, आणि त्याबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. समुद्रात नोकरीला जाणारी माणसे चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी अशा पाळीत आयुष्य काढतात. घरच्यांना विचारले तर 'तो ऑफशोअरला असतो' एवढेच उत्तर मिळते; तिथे तो नेमके काय करतो हे त्यांनाही सांगता येत नाही. हे पुस्तक त्या कामाविषयी आहे.

आधी एक समज दूर करायला हवा. समुद्रात उभे असलेले सगळे सांगाडे म्हणजे 'रिग' नव्हेत. रिग विहीर खोदते आणि निघून जाते. मागे राहतो तो चार पायांचा, माणूस नसलेला छोटा वेल प्लॅटफॉर्म. त्याच्यावर विहिरींची तोंडे आणि व्हॉल्व्ह असतात, बाकी फारसे काही नसते. अशा अनेक वेल प्लॅटफॉर्मांमधून निघालेला माल समुद्रतळावरच्या पाइपांतून एका मोठ्या संकुलाकडे येतो. तिथे प्रोसेस प्लॅटफॉर्म, राहण्याचा प्लॅटफॉर्म आणि पाणी जमिनीत परत भरण्याचा प्लॅटफॉर्म वेगवेगळ्या पायांवर उभे असतात आणि पुलांनी जोडलेले असतात. त्यांच्यापासून आणखी लांब, एकट्या पुलाच्या टोकाला, फ्लेअर, म्हणजे वायू जाळण्याची ज्योत, पेटलेली असते. ही मांडणी हौसेची नाही. जिथे माणूस झोपतो आणि जिथे वायू दाबाखाली असतो, त्या दोन जागांमध्ये मोकळा समुद्र असावा, हा त्यामागचा विचार आहे.

माल असे म्हटले, कारण विहिरीतून येते ते तेल नसते. समुद्रतळाखाली सव्वा-दीड किलोमीटरवर असलेल्या चुनखडीच्या थरातून वर येतो तो तेल, वायू, खारे पाणी, थोडी वाळू आणि मेण यांचा गरम, दाबाखालचा लगदा. बॉम्बे हायचे तेल हलके आणि गंधक कमी असलेले, म्हणून रिफायनरीला आवडणारे. पण मेण भरपूर असल्याने थंड झाले की घट्ट होऊ लागणारे. हा लगदा जसाच्या तसा उरणपर्यंतच्या सुमारे दोनशे किलोमीटरच्या पाइपलाइनीत ढकलता येत नाही. पाणी पाइप गंजवेल, वायू पंपांना चालू देणार नाही. तेव्हा समुद्रातच तीन वाटे करावे लागतात. माझे म्हणणे असे, आणि पुस्तकभर मी ते मांडत राहिलो आहे, की या तीन वाट्यांपैकी तेलाचा वाटा सर्वांत सोपा. त्याला गिऱ्हाईक आहे, भाव आहे, त्याच्यासाठी पहिल्या दिवसापासून पाइप टाकलेला असतो. एखादा प्लॅटफॉर्म कसा चालवला जातो हे पाहायचे असेल तर त्याने पाण्याचे काय केले आणि वायूचे काय केले ते पाहावे.

वाटे करण्याचे यंत्र दिसायला अगदी साधे. प्रॉडक्शन सेपरेटर म्हणजे आडवी ठेवलेली, दोन्ही टोकांना गोलाकार, जाड पोलादाची टाकी. आत फिरणारे काहीच नसते. लगदा आत शिरतो, समोरच्या पत्र्यावर आपटतो, वेग गमावतो. वायू सुटून वरच्या तोंडाने निघून जातो. उरलेल्या द्रवाला काही मिनिटे स्वस्थ पडू दिले की मिसळीच्या रश्श्यावर तर्री यावी तसे तेल वर येते आणि पाणी तळाशी बसते. टाकीत मधे एक बांध असतो. त्यावरून तेल पलीकडे सांडते आणि तिथून बाहेर जाते. पाणी बांधाच्या अलीकडूनच तळातून काढून घेतात.

अडचण या 'काही मिनिटांत' आहे. विहिरीतून आणि अरुंद व्हॉल्व्हांतून घुसळत आलेले तेल-पाणी एकमेकांत इतके बारीक मिसळलेले असते की ते सहजी वेगळे होत नाही. मग ते तापवावे लागते, त्यात इमल्शन फोडणारे रसायन थेंबाथेंबाने घालावे लागते. ते कमी पडले तर पाणी तेलाबरोबर जाते, जास्त झाले तर उलटा परिणाम होऊन पुढचे पाणी साफ होत नाही. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाची नजर पडद्यावरच्या एका आकड्यावर पुन्हा पुन्हा जाते: टाकीतल्या तेल आणि पाणी यांच्या सीमारेषेची पातळी. ती वर सरकली की पाणी बांध ओलांडून तेलात जाणार. खाली सरकली की तेल पाण्याच्या वाटेने जाणार, आणि ती वाट शेवटी समुद्राकडे जाते. त्यातच लांबच्या पाइपांतून द्रव कधीकधी सलग येत नाही. बराच वेळ नुसता वायू येतो आणि मग द्रवाचा एक प्रचंड गोळा येऊन टाकीत धडकतो. अनुभवी ऑपरेटर पडद्यावर आकडे हलण्याच्या आधीच, येणाऱ्या पाइपचा आवाज बदलला की उठून उभा राहतो.

पुढचा तेलाचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या, जवळजवळ वातावरणाच्या दाबाला असलेल्या टाकीत उरलासुरला वायू सोडवला जातो, मोठे पंप तेल उचलून मुख्य वाहिनीत ढकलतात आणि ते उरणला पोचते. ३० इंच व्यासाची ही तेलवाहिनी आणि तिच्या सोबतीची २६ इंची वायुवाहिनी १९७८च्या सुमारास सुरू झाली. त्याआधी तेल समुद्रातच टँकरमध्ये भरले जाई. तेलाला टँकर होता. वायूला काहीच नव्हते.

इथून फ्लेअरची गोष्ट सुरू होते, आणि ती मला सविस्तर सांगायची आहे, कारण फ्लेअरबद्दल लोकांची दोनच मते असतात. काहींना ती वैभवाची खूण वाटते, काहींना निव्वळ उधळपट्टी. दोन्ही मते लांबून पाहून बनलेली आहेत.

जवळून पाहिली तर फ्लेअर म्हणजे नुसती ज्योत नव्हे. प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येक टाकीला, प्रत्येक कॉम्प्रेसरला एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तो आपोआप उघडतो आणि वायू एका जाड पाइपात सोडतो. असे सगळे पाइप एकत्र येऊन एका मोठ्या टाकीत जातात. वायूबरोबर आलेले तेलाचे थेंब तिथे खाली पडावेत, नाहीतर ज्योतीतून जळते थेंब समुद्रावर पाऊस पाडतील. तिथून वायू पुलावरून टोकाला जातो. टोकाशी लहान पायलट ज्योती सतत तेवत असतात, आणि वाहिनीत थोडा वायू सतत सोडलेला असतो, म्हणजे बाहेरची हवा आत शिरून स्फोटक मिश्रण होऊ नये. फ्लेअर पूर्ण बंद का करत नाहीत, असे पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण विचारतो. त्याचे उत्तर या पायलटांत आहे. ज्या क्षणी तिची गरज पडेल त्या क्षणी ती पेटवायला वेळ नसतो.

जून-जुलैच्या वाऱ्यात पायलट विझतात. मग डेकवर, ज्योतीपासून दूर असलेल्या एका पॅनेलशी माणूस उभा राहतो, वायू आणि हवा ठरावीक प्रमाणात बारीक नळीत भरतो आणि ठिणगीचे बटण दाबतो. नळीच्या आतून आग धावत टोकाकडे जाते. 'धप्' असा आवाज येतो, आणि सगळ्यांच्या माना एकदम वर होतात. पेटली नाही तर पुन्हा भरायचे, पुन्हा दाबायचे. पावसात भिजत, हेल्मेटवरून पाणी ओघळत असताना हे काम करणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत. फारच अडले तर सिग्नलच्या पिस्तुलातून जळती गोळी टोकावर मारण्याचीही पद्धत होती. न पेटलेला वायू तसाच बाहेर पडत असतो आणि वारा फिरला तर तो राहत्या प्लॅटफॉर्मकडे येऊ शकतो, म्हणून या घाईला पर्याय नसतो.

खरी कसोटी आणीबाणीत लागते. आग लागली किंवा मोठी गळती झाली तर विहिरी बंद होतात, येणारे-जाणारे पाइप बंद होतात, आणि टाक्यांत अडकलेला वायू एकदम फ्लेअरकडे सोडला जातो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शक नियमांनुसार साधारण पंधरा मिनिटांत टाकीचा दाब तिच्या क्षमतेच्या निम्म्यावर यायला हवा, कारण आगीत तापलेले पोलाद त्यानंतर दाब सोसेलच असे नाही. त्या पंधरा मिनिटांत होणारा आवाज असा असतो की शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडूनही काही ऐकू जात नाही. पुलाची लांबी, ज्योतीची उंची, डेकवरची उष्णता हे सगळे गणित याच क्षणासाठी मांडलेले असते; रोजच्या लहान ज्योतीला एवढा लांब पूल लागला नसता.

आणि तरीही फ्लेअरला मर्यादा आहे. २७ जुलै २००५ रोजी ती दिसली. मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली होती. खवळलेल्या समुद्रात 'समुद्र सुरक्षा' हे जहाज आपल्या एका जखमी आचाऱ्याला प्लॅटफॉर्मवर पोचवण्यासाठी बॉम्बे हाय नॉर्थच्या संकुलाजवळ आले आणि प्लॅटफॉर्मच्या बाजूने खाली समुद्रतळाकडे जाणाऱ्या उभ्या पाइपांवर आदळले. फुटलेल्या पाइपात गॅस लिफ्टचा, म्हणजे विहिरींकडे परत पाठवला जाणारा उच्च दाबाचा वायू होता. तो पेटला आणि सात मजली प्रोसेस प्लॅटफॉर्म दोन तासांच्या आत समुद्रात गेला. २२ जण दगावले. ३६२ जणांना वाचवण्यात आले. जुहूची हेलिकॉप्टरे आदल्या दिवशीच्या पुरामुळे वेळेवर उडू शकली नाहीत. प्लॅटफॉर्मवरचा वायू फ्लेअरकडे सोडता येतो, पण उभा पाइप व्हॉल्व्हच्या खालीच फुटला तर मागच्या कित्येक किलोमीटर पाइपातला वायू आगीला इंधन देत राहतो, त्याला फ्लेअर काही करू शकत नाही. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे गेली तेव्हाही पहिल्या स्फोटानंतर सर्वनाश केला तो शेजारच्या प्लॅटफॉर्मांकडून येणाऱ्या वायुवाहिन्यांनी. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी होत्या आणि त्यानंतर उत्तर समुद्रातले कायदेच बदलले. आपल्याकडे ऑफशोअर सुरक्षेचे स्वतंत्र नियम २००८ साली आले. कलन अहवाल १९९०चा आहे. मधली अठरा वर्षे मला आजही खुपतात.

आता उधळपट्टीचा मुद्दा, कारण तोही खरा आहे. आणीबाणीत जळणारा वायू आणि सोय नाही म्हणून रोज जळणारा वायू यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, जरी ज्योत एकच असली तरी. बॉम्बे हायमध्ये ऐंशीच्या दशकात तेलाचे उत्पादन झपाट्याने वाढवले गेले आणि वायू दाबून किनाऱ्यावर नेण्याची यंत्रणा मागे पडली. तेलाबरोबर येणारा वायू तेल थांबवल्याशिवाय थांबवता येत नाही. १९९०-९१ साली देशात निघालेल्या सुमारे १८ अब्ज घनमीटर वायूपैकी ५ अब्जांहून थोडा जास्त वायू जळून गेला. त्यातला मोठा भाग या समुद्रातला होता. उरणची वीज, थळचे खत, नागोठण्याचे पेट्रोरसायन हे सगळे ज्या वायूवर उभे राहिले, तोच वायू इकडे समुद्रावर जळत होता. १९९१मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाने वायूज्वलन कमी करण्याचा प्रकल्प सुरू झाला, नवे कॉम्प्रेसर बसले, नवे पाइप टाकले गेले आणि चित्र बरेच बदलले. पण जळालेला वायू काही परत आला नाही. नॉर्वेने सत्तरच्या दशकात, तेल निघायला लागले तेव्हापासूनच, सुरक्षेच्या कारणाशिवाय वायू जाळायला परवानगी नाही असा दंडक घातला आणि १९९१पासून समुद्रात जाळलेल्या वायूवर कार्बन कर लावला. आधी पाइप, मग तेल, हा क्रम त्यांनी पाळला. तो क्रम आपल्यालाही माहीत होता. पैसा आणि घाई या दोन्हींनी तो उलटा झाला, असे मला वाटते.

जगात आजही हा प्रश्न सुटलेला नाही. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार २०२३ साली जगभर सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू जाळला गेला. रोजचे ज्वलन २०३०पर्यंत संपवण्याचा जो संकल्प २०१५मध्ये सोडला होता, त्याच्या जवळपासही आपण नाही. शिवाय जळतो म्हणजे पूर्ण जळतो असे नाही. काळा धूर दिसला की ज्वलन अपुरे आहे हे डोळ्यांना कळते, पण न जळता निसटलेला मिथेन दिसत नाही, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट हवा तापवतो. यासाठी ज्योतीचा आकार, टोकाची अवस्था, वाऱ्याचा वेग या सगळ्यांवर लक्ष ठेवावे लागते. फ्लेअर टिप बदलण्याचे काम अवघड जागी, शटडाउनमध्येच करता येते, म्हणून ते पुढे ढकलण्याचा मोह होतो. हा मोह टाळायला हवा, हे मी इथे स्पष्टच लिहितो.

फ्लेअरकडे न जाणारा वायू काय करतो हे समजल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. तो दाबला जातो आणि ट्रायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या घट्टसर द्रवाने धुतला जातो. ग्लायकॉल वायूतली ओल शोषून घेते. मग ते दोनशे अंशांच्या आसपास तापवून ती ओल उडवतात आणि तेच ग्लायकॉल पुन्हा वापरतात. ओला वायू पाठवला तर पाइप आतून गंजतो आणि दाबाखाली पाणी आणि वायू मिळून बर्फासारखे घट्ट गोळे बनतात. कोरडा वायू तीन वाटांनी जातो. थोडा प्लॅटफॉर्मवरच्याच टर्बाइनांना इंधन म्हणून लागतो, काही गॅस लिफ्टसाठी विहिरींत परत जातो, उरलेला किनाऱ्याकडे. गॅस लिफ्टचे तत्त्व सरळ आहे: विहिरीतल्या द्रवाच्या स्तंभात वायू सोडला की तो स्तंभ हलका होतो आणि थकलेला थरही त्याला वर ढकलू शकतो. बॉम्बे हायच्या बहुतेक विहिरी आता याच आधारावर वाहतात. म्हणून कॉम्प्रेसर बंद पडला की दुहेरी फटका बसतो. दाबला न गेलेला वायू फ्लेअरकडे जातो आणि विहिरीही मंदावतात. रात्री डेकवर अचानक दिवसासारखा उजेड पडला, हातातली बॅटरी विझवावी इतका, की ओळखावे, खाली कुठलातरी कॉम्प्रेसर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला आहे.

आता पाणी. फ्लेअर सगळ्यांना दिसते, पाणी कोणालाच दिसत नाही, आणि माझ्या मते या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा भाग पाण्याचाच आहे.

तेलक्षेत्र जसजसे म्हातारे होते तसतसे त्यातून पाणी जास्त येते. पहिल्या वर्षांत जवळजवळ निखळ तेल देणारी विहीर काही दशकांनी तेलाहून कितीतरी जास्त पाणी देऊ लागते. बॉम्बे हाय आज त्या अवस्थेत आहे. तेलाच्या मानाने आखलेल्या टाक्यांत आता बहुतांश पाणी फिरते, आणि प्रोसेस प्लॅटफॉर्म मूलतः पाणी साफ करण्याचे केंद्र झाले आहे. हे पाणी समुद्राच्या पाण्यासारखे नसते. ते थराच्या पोटातले, गरम, त्यात विरघळलेले क्षार, बेंझिनसारखी द्रव्ये, फिनॉल, वर आपण घातलेली रसायने आणि शेवटी तेलाचे सूक्ष्म थेंब.

थेंब काढण्याच्या पायऱ्या अशा. सेपरेटरमधून आलेले पाणी तिरप्या, पन्हाळीदार पत्र्यांच्या थरांमधून सोडतात. बारीक थेंब पत्र्याला चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वर सरकतात. त्यानंतर पाण्यात वायूचे बारीक बुडबुडे सोडतात. बुडबुडे थेंबांना घेऊन वर येतात आणि वरचा फेस फिरत्या पात्यांनी बाजूला काढला जातो. काही ठिकाणी हायड्रोसायक्लोन असतो, त्यात पाणी इतक्या जोरात फिरवले जाते की जड पाणी बाहेरच्या अंगाला आणि हलके तेल मध्यभागी जाते. शेवटी पाणी समुद्रात उभ्या सोडलेल्या एका जाड नळकांड्यात उतरते, तिथे राहिलेले तेल वर तरंगते आणि पाणी तळाने समुद्रात जाते.

बाहेर जाण्याआधी नमुना घेतला जातो. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, मग काचेची बाटली गळ्यापर्यंत भरायची. अनुभवी केमिस्ट ती प्रयोगशाळेत नेण्याआधी उजेडाकडे धरतो. स्वच्छ पाणी किंचित पिवळट दिसते. बिघडलेले दुधासारखे गढूळ, आणि बाटली तिरकी केली की काचेवर रंगीत तवंग सरकतो. नंतर द्रावकात तेल ओढून यंत्रावर आकडा काढतात. आपल्याकडचा नियम असा आहे की समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्यात, बाहेरचे पाणी मिसळून विरळ न करता, ९५ टक्के नमुन्यांत लिटरमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल नसावे आणि १०० मिलिग्रॅमची मर्यादा कधीच ओलांडू नये. ईशान्य अटलांटिकच्या देशांनी आपापसांतल्या करारानुसार ३० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे.

नेमके इथेच पाणी मुरते. मर्यादा तेलाच्या प्रमाणाला आहे, एकूण तेलाला नाही. समजा एखादे संकुल दिवसाला १० हजार घनमीटर पाणी सोडते आणि प्रत्येक लिटरात ४० मिलिग्रॅम तेल आहे. म्हणजे दिवसाला ४०० किलो तेल, नियमात बसणारे. दहा वर्षांनी पाणी दुप्पट झाले आणि आकडा तोच राहिला तर समुद्रात ८०० किलो तेल जाते आणि कागदोपत्री काहीच बदललेले नसते. जुन्या क्षेत्रांना एकूण वजनाची मर्यादा हवी, असे मला ठामपणे वाटते. शिवाय ही तपासणी थेंबांच्या तेलाची आहे. पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचा मोठा भाग तिच्या नजरेतून सुटतो. आणि ज्या समुद्रात हे पाणी जाते तो कोणाचाच नाही असे नव्हे. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरच्या आत बोट न्यायला मनाई असते, पण मासे ती रेषा पाळत नाहीत. पायांभोवती मासळी जमते हे किनाऱ्यावरच्या कोळ्यांना पक्के माहीत आहे.

पाण्याचा एक उलटा प्रवासही आहे. तेल काढत गेले की थरातला दाब उतरतो, म्हणून समुद्राचे पाणी उचलून, साफ करून, विहिरींतून जमिनीत भरावे लागते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बॉम्बे हायमध्ये हे चालू आहे. समुद्राचे पाणी आधी जाळीतून आणि बारीक फिल्टरमधून जाते, त्यात क्लोरिन घालून शेवाळ आणि शिंपले मारले जातात, मग उंच मनोऱ्यात निर्वात पोकळीखाली त्यातला प्राणवायू ओढून घेतला जातो. प्राणवायू राहिला तर विहिरीचे पोलाद गंजते. त्यानंतर जंतुनाशक घालावे लागते, कारण समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू थरात शिरले तर ते हायड्रोजन सल्फाइड बनवतात: कुजक्या अंड्यांच्या वासाचा, हवेहून जड, आणि जास्त प्रमाणात झाला तर आधी वास घेण्याची शक्तीच मारणारा विषारी वायू. म्हणजे पाणी भरताना केलेला हलगर्जीपणा काही वर्षांनी सेपरेटरच्या वायूत उमटतो, आणि तो वायू हाताळणाऱ्या माणसाच्या गळ्यातल्या डिटेक्टरवर वाजतो. थरातून आलेले पाणीच साफ करून पुन्हा भरावे, हा आदर्श उपाय आहे. जगात अनेक ठिकाणी तो वापरतात. पण तेलाचे थेंब आणि बारीक गाळ विहिरीची तोंडे बुजवतात, म्हणून साफसफाई आणखी काटेकोर करावी लागते आणि खर्च वाढतो. हा खर्च करण्यासारखा आहे असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे पाण्याच्या प्रकरणात दिली आहेत.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. पहिल्या दोन प्रकरणांत थर आणि विहिरी आहेत. ती अभ्यासकांनी वाचावीत, इतरांनी चाळली तरी चालेल. तिसऱ्यात सेपरेशन, चौथ्यात वायू आणि फ्लेअर, पाचव्यात पाणी. सहावे प्रकरण सुरक्षेवर आहे. त्यात परमिट, मस्टर, लाइफबोट यांची चर्चा आहे, आणि मे २०२१च्या तौक्ते वादळात मुंबईसमोरच्या समुद्रात बुडालेल्या पी-३०५ या बार्जचीही, कारण प्लॅटफॉर्मवर काम करायला आलेली पण प्लॅटफॉर्मवर न राहणारी माणसे सुरक्षेच्या हिशेबातून कशी बाहेर राहतात हे तिथे दिसले. शब्द मी डेकवर बोलले जातात तेच ठेवले आहेत. सेपरेटर, फ्लेअर, कॉम्प्रेसर, ट्रिप हे शब्द तिथला प्रत्येक माणूस वापरतो, मग तो उरणचा असो की अलिबागचा की बिहारचा. पहिल्यांदा येईल तिथे प्रत्येकाचा अर्थ सांगितला आहे. आकडे जिथे क्षेत्रागणिक बदलतात तिथे सरासरी न देता पद्धत समजावली आहे. कच्च्या तेलाच्या किमती, सरकारी धोरण, कंपन्यांचे व्यवहार यांत मी शिरलो नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

ज्यांच्या घरातले कोणी ऑफशोअरला जाते त्यांनी चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. रात्री फोनवर 'आज फ्लेअर मोठी आहे' असे ऐकू येते तेव्हा त्यामागे काय घडले असेल याची कल्पना तिथे येईल. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना तिसरे प्रकरण जवळचे वाटेल. पाचवे मात्र कोणीही वगळू नये. ते सर्वांत लांब आहे, त्यात चित्रे कमी आणि तक्ते जास्त आहेत. या समुद्रातल्या क्षेत्राची पुढची वर्षे मुख्यतः पाण्याशी झगडण्यात जाणार आहेत, आणि तो झगडा कसा चालतो ते त्या तक्त्यांत आहे.